कॅमेरा बांधलेला पतंग

कंपनीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी नव्या जालन्यातल्या माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापत बसले होते. केदारखेड्याजवळ त्यांचे बियाण्याच्या सूर्यफुलाचे प्लॉट फुलावर आलेले, परवा दुकानदारांची बैठक, आणि भिंतीएवढ्या पोस्टरसाठी त्यांना वरून काढलेला फोटो हवा होता. उद्याच! "होऊन जाईल सर, बिलकुल काळजी करू नका," असं मी बोलून गेले. लग्न-बारशाशिवाय कंपनीचं काम माझ्याकडं पहिल्यांदाच येत होतं. हे बिघडलं तर पुढची सगळी कामं पुण्याच्या पार्टीला, हे साहेबांनी गोड बोलून सांगितलंच होतं.

मंग काय, नुसती पळापळ! ड्रोनवाल्याला फोन केला, तर त्याचा ड्रोन दुरुस्तीला गेल्ता. संभाजीनगरचा दुसरा म्हणे पुढच्या आठवड्यात येतो. रस्त्यावरचे दिवे बदलायची शिडीची गाडी मागून पाहिली, ती दोन मजल्यांच्या वर जात न्हाई. पाण्याची टाकी आठवली, पण टाकी गावात आणि प्लॉट कुठल्या कुठं!

"हेलिकॉप्टर मागव," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. संक्रांत तोंडावर आल्ती आणि हा बाबा माझ्याच दुकानात बसून पतंगाला कन्नी बांधून राह्यल्ता. मी त्याच्याकडं बघितलं, पतंगाकडं बघितलं आणि ओरडलेच, "अरे दादा, हाच की!"

संध्याकाळपर्यंत आम्ही कापडाचा भलामोठा पतंग तयार केला. आपोआप फोटो काढणारा माझा छोटा कॅमेरा दोरीला खाली टांगला. दोरा जाड, पण साधा घेतला. मांज्यासारखी धार त्याला न्हाई, म्हणजे कुणाचा मांजा घासला तर आपला कटणार, एवढीच भीती.

सकाळी प्लॉटवर वारा मस्त होता. साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात उभे, चेहऱ्यावर शंका. उडवणार कोण, हा प्रश्नच निघाला न्हाई. दादानं दोरी घेतली आणि दोरा गुंडाळलेली चक्री माझ्या हातात दिली. लहानपणापासून आमच्या गच्चीवर हेच. नाव दादाचं व्हायचं आणि मी मागं मान वर करून उभी. "ढील लागली तर सांग," एवढंच माझं बोलणं. तो जेवायला खाली गेला की मी चोरून उडवायचे. आता काम माझं, कॅमेरा माझा, गिऱ्हाईक माझं, तरी चक्री माझ्याच गळ्यात! असला राग आला! पण साहेबांसमोर भांडण कुठं काढणार?

पतंग मात्र असा झकास चढला की राग विसरले. कॅमेरा डुलत डुलत वर निघाला आणि मी तिथल्या तिथं उड्या मारायला लागले. साहेबसुद्धा हसले.

तेवढ्यात गावाकडून एक लाल पतंग आला. सरळ आमच्यावर.

"दादा, पेच न्हाई लावायचा! खाली कॅमेरा लटकलाय!"

ऐकतो कशाला! अंगात आल्तं त्याच्या. "थांब, दाखवतोच त्याला," म्हणत त्यानं खेचायला सुरुवात केली. अरे, साध्या दोऱ्यानं मांजा कटतो का कधी? दोरा एकाच जागी घासून राह्यल्ता. माझा कॅमेरा, माझं काम, सगळं त्या एका जागी.

मी चक्री साहेबांच्या हातात कोंबली आणि दादाला खांद्यानं ढकलून दोरी ओढून घेतली.

"सर, ढील! सोडा, सोडा!"

साहेब बिचारे घाबरून चक्री सोडत राह्यले. दोरी माझ्या बोटांतून सरसर पळाली, कातडं सोललं, पण मी थांबले न्हाई. आमचा पतंग लांब वाहत गेला, खाली झुकला आणि लाल पतंगाच्या दोऱ्यातून अलगद सुटला. सुटला! मी एवढ्या जोरात ओरडले की बांधावरची बकरी पळाली.

हळूहळू पतंग उतरवला. कॅमेऱ्याला ओरखडा न्हाई. फोटोंमध्ये पिवळे पट्टे, हिरवे पट्टे, प्लॉट बराबर मधे, आणि कोपऱ्यात ठिपक्याएवढे आम्ही. "हाच पाहिजे होता मॅडम, हाच!" साहेब म्हणाले. मंग त्यांनी पलीकडं बोट केलं. "वारा आहे तोवर तो मक्याचा प्लॉटही घेऊन टाका. पुढच्या हंगामाचंही काम तुमच्याकडंच."

दोऱ्यावर मांजा घासला होता त्या जागी दादानं बोट फिरवलं, तेवढा तुकडा तोडून गाठ मारली. मला वाटलं, आता पुन्हा दोरी मागणार. मागितली असती तर मी दिलीही असती, सवयच तशी.

त्यानं साहेबांच्या हातातली चक्री घेतली आणि माझ्या मागं जाऊन उभा राह्यला.

"उडव," तो म्हणाला. "ढील लागली तर सांग."