नारिंगी रंगातला अंगठा

व्हर्ना लुंडीन कुणाच्या घरी शिरली की आधी भिंतींकडे बघायची, मग माणसांकडे. एल्बर्नमध्ये याचा कुणाला राग येत नसे. चाळीसेक वर्षं तिनं गावातल्या बायकांचे केस धुतले, कापले, रोलरवर गुंडाळले. तिच्या खुर्चीत बसून कुणाला काही लपवता आलं नाही, तिथं भिंतीचं काय घेऊन बसलात!

तिला हवी असत ती ओस्टबी सरांची चित्रं. हॅल्वर ओस्टबी आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की तळघरातल्या वर्गात स्क्रीन प्रिंट छापायचे. चौकटीवर ताणलेली रेशमी जाळी, तिच्यावर शाई, आणि ती शाई रबरी पट्टीनं एका दमात खाली ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. चित्रात ना घर, ना झाड. काळे ठोकळे, राखाडी पट्टे, मधेच खाणीच्या मातीचा तांबडा. न्यूयॉर्कनं त्यांना कधी विचारलं नाही आणि सरांनीही न्यूयॉर्कचं काही मनावर घेतलं नाही. जुन्या विद्यार्थ्याचं लग्न ठरलं की एखाद्या प्रिंटवर पेन्सिलीनं सही करून ते आहेर द्यायचे. त्यामुळे गावात टोस्टर नसलेलं घर सापडेल, ओस्टबी नसलेलं सापडणं कठीण. फक्त तो बहुधा तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रामागे असतो.

व्हर्नाला खरं तर एकच चित्र हवं होतं. ‘ऑक्टोबर’ नावाच्या प्रिंटची एक ठरावीक प्रत. तिचा मोठा भाऊ लेनर्ड सरांच्या हाताखाली पट्टी ओढायचा. ‘ऑक्टोबर’मधला नारिंगी त्यानंच ओढला, आणि एका प्रतीवर शाई ओली असतानाच खालच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा उमटला. सर आधी भडकले, मग हसले आणि म्हणाले, ही प्रतसुद्धा मोजणीत धरायची. हे त्यानं जेवणाच्या टेबलावर फुशारकीनं सांगितलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये, बर्फ पातळ झालेलं असताना, लेनर्डनं गोठलेल्या तळ्यावर ट्रक नेला आणि ट्रकसकट बुडाला. एकोणीस वर्षांचा होता. त्याचे फोटो घरात होते, पण फोटो दुसऱ्या कुणीतरी काढलेले. तो अंगठा त्याचा त्यानं ठेवलेला होता. ती प्रत कुणाच्या लग्नात गेली ते सरांना आठवेना, आणि मग सरही गेले.

हे व्हर्नानं नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावातल्या सगळ्या बाया सांत्वनाला हॉटडिशची, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या जेवणाची, भांडी घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. कीव तिला मुळीच सोसत नसे.

कुणी वारलं आणि घरातलं सामान विकायला निघालं की बाकीचे लोक मासे धरायच्या काठ्यांवर आणि करवतींवर तुटून पडत. व्हर्ना थेट तळघर गाठायची. लोक चौकटीसाठी ओस्टबी विकत घेत आणि आतला कागद फेकून देत. तो कचऱ्याच्या पिंपातून काढायलाही ती लाजत नसे. तिचे नियम मात्र कडक होते. विधवेच्या घरी वर्ष उलटल्याशिवाय विषय काढायचा नाही. विकणाऱ्याला मोल ठाऊक नसेल तर आपणच सांगायचं, आणि मग तेवढे डॉलर निमूटपणे द्यायचे. तिचा नवरा रे या नियमांवर फार खूश नसायचा.

“हे चित्र आहे की आपल्याकडे,” तो म्हणायचा. “तीनदा आहे.”

“हे निराळं आहे.”

“कुठं निराळंय?”

“यात राखाडी जरा खाली सरकलाय. बघ ना नीट.”

“बघितला. आता छताला लाव, भिंती संपल्यात.”

अंगठा शोधता शोधता ती त्या चित्रांच्याच प्रेमात पडली होती. शाई कुठं दाटली, कुठं पट्टी थबकली, कोणता काळा निळ्यावर छापला म्हणून इतका खोल दिसतो, हे ती तासन् तास बघत बसे. शिकवलं कुणी नव्हतं. आवडलं म्हणून कळत गेलं. एकदा मिनियापोलिसहून एक दलाल सगळा संग्रह उचलायला आला. तिनं त्याला कॉफी पाजली, त्याच्या मानेवरचे वाढलेले केस कापून दिले आणि वाटेला लावलं. अशी बाई गावात दुसरी नाही.

डोरिस माकी दर शुक्रवारी तिच्याकडे केस करून घ्यायची. आपला ओस्टबी घर बदलताना हरवला, असं ती सांगायची. या वसंतात डोरिसचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून व्हर्नाच पिशवी घेऊन तिच्या घरी गेली. रोलर लावून झाले आणि टॉवेल कमी पडला.

“शिवणाच्या खोलीत बघ, कपाटात,” डोरिस म्हणाली, आणि लगेच, “नको, थांब, राहू दे.”

तोवर व्हर्ना आत गेली होती. कपाटाशेजारी ‘ऑक्टोबर’ टांगलेलं होतं. तिची नजर सवयीनं खालच्या कोपऱ्यात गेली. तिथला नारिंगी बाकीच्या नारिंगीपेक्षा किंचित पिवळा होता. ती चौकट उचलून स्वयंपाकघरात घेऊन आली.

“हा कोपरा कुणी रंगवला?”

डोरिस कानापर्यंत लाल झाली. “तुला कळणारच होतं. म्हणून तर कधी बोलले नाही.”

“कुणी रंगवला, डोरिस?”

“मीच. पोराच्या खेळण्यातल्या विमानांचा रंग होता घरात. तिथं कुणाचं तरी बोट लागलेलं होतं गं. मला वाटलं, चित्रकलेत मी ढ, म्हणून सरांनी मला नापास माल दिला. लग्नाच्या आहेरात डाग! कुणाला दाखवणार? त्यात तुझ्याकडची सगळी कशी स्वच्छ.”

व्हर्ना खुर्चीवर बसली. “ते बोट लेनर्डचं होतं.”

“आपला लेनर्ड?”

व्हर्नानं मान डोलावली.

 डोरिस कुबडीकडे हात नेत म्हणाली, “टर्पेंटाइन आहे माझ्याकडे. आत्ता पुसून काढू.”

“नको.” व्हर्नानं तिचं मनगट धरलं. “वरच्या रंगाबरोबर खालचाही जाईल.”

तिनं चौकटीच्या मागचे खिळे उचकटले, कागद बाहेर काढला आणि त्या कोपऱ्यावरून हळूच बोट फिरवलं. सरांची शाई लोण्यासारखी जाड असायची. रंगाखाली काही दिसत नव्हतं, पण हाताला लागत होतं. बारीक बारीक वळ्या, एकीत एक. तिनं डोरिसचं बोट धरून तिथं टेकवलं.

“मी घालवला नाही ना गं त्याला?” रोलर लावलेल्या डोक्यानं डोरिस रडत होती.

“नाही. झाकलास. उन्हानं विटला असता, तो तू राखलास.” व्हर्ना म्हणाली.

“घेऊन जा हे,” डोरिस म्हणाली.

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा फारच आग्रह झाला तर नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. केकचा शेवटचा तुकडासुद्धा आम्ही असाच घेतो. व्हर्नानं ही रीत जन्मभर पाळली होती.

“दे,” ती म्हणाली.