हाडकांच्या माळावरचा मका

वरंधा घाट उतरताना एसटीने मला इतकं घुसळलं की महाडला पोचेपर्यंत पोटातल्या चहाचं ताक झालं असावं. स्टँडवर कुसुम उभी होती. अध्यापक विद्यालयात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. आता ती पोलादपूरकडच्या एका गावात शिक्षिका होती आणि तिथल्याच बौद्धवाडीची सून.

"आधी तळं," ती म्हणाली आणि माझी पिशवी उचलून चालूही लागली.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही हातपाय धुतले. "माझे सासरे तरुणपणी इथं पाणी प्यायला आले होते," कुसुमने सांगितलं. मग मी ओंजळ जरा जपूनच भरली.

पोलादपूरच्या पुढे पायवाट. आणीबाणी उठली त्या वर्षाचा भादवा. बांधाबांधावर तेरडा फुललेला, खाली खाचरांतून भात. मी नगरकडची, त्यामुळे वाटभर कुसुमला ऐकवत होते की मका म्हणजे आमच्याकडे गुरांचा चारा, आणि तुमच्या कोकणात भाताशिवाय पिकतंय काय! ती नुसती हसत होती. वळण आलं आणि मी बोलायची थांबले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

समोर मक्याची दोन शेतं होती. वरचं उतारावर, कमरेएवढं, पिवळट. खालचं सखल माळावर, आणि तो मका पुरुषाच्या डोक्यावर हातभर गेलेला. हिरवा इतका गर्द की सावलीच उभी राहिल्यासारखी. पानं रुंद, ताटं मनगटाएवढी. मी मान वर करून बघतच राहिले.

कुसुमचा नवरा धर्मा बांधावर उभा होता. "खत कुठलं घातलंत हो?" मी विचारलं.

"ह्याला? काय नाय. गेल्या वर्साला दोनी शेतांना सारखा युरिया दिला, तर ह्यो माजला नि वाऱ्यात आडवा झाला. औंदा समदं खत वरच्याला. वरकस हाय ती, डोंगरउताराची. आज्याच्या काळापासनं नाचनी घेतली, तिनं माती ओढून टाकली."

"आणि इथं?"

त्याने पायाच्या बोटाने माती उकरली. पांढरी कपची वर आली. हाडाची.

"गावाची मेलेली गुरं हितं टाकायचे. आमच्याच लोकांनी ओढून आनायची. हाडकांचा माळ म्हनतात ह्याला."

बाकीचं धर्मानेच सांगितलं. धर्माचे वडील तळ्यावरून परतले, त्यांनी गुरं ओढायचा दोर सावित्री नदीत फेकला आणि ते काम सोडलं. मागोमाग वाडीनेही सोडलं. मग वर्षानुवर्षं इथे कुणी नांगर लावला नाही, गवत वाढायचं आणि जागीच कुजायचं. पुढे कायद्याने महारकीचं वतन रद्द झालं आणि तुकडा धर्माच्या नावावर झाला. किती पिढ्यांची गुरं आणि किती माणसांचे खांदे त्या मातीत गेले होते! मी नकळत चपला काढल्या.

"आई हितं येत नाय," धर्मा म्हणाला. "नवी नवरी व्हती तवा तिनं पन ओढलंय. हितला दाना तोंडात घालत नाय. औंदाबी नाय घातला तर माळ सोडून देनार. आईच्या ताटात चालत नाय त्ये पेरू कशाला?"

एवढं पीक सोडणार! मला हळहळ वाटली, पण त्याला बोलू कोणत्या तोंडाने?

निघताना त्याने दोन कणसं पिशवीत टाकली. घरी पडवीत मी पिशवीतून टॉवेल ओढला आणि ती कणसं गडगडत नेमकी त्याच्या आईच्या पायाशी गेली.

"कुठलं गो ह्ये?"

कुसुमने मला डोळ्यांनी खुणावलं. माझी जीभ कधी गप्प बसते? "माळावरचं, आई. असा मका मी जन्मात पाहिला नाही."

रात्री नाचणीची भाकरी आणि सुकट माझ्या पानात वाढताना त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. कणसं जिथे थांबली तिथेच राहिली.

सकाळी मी निघाले तर आई काठी घेऊन आमच्या पुढे. माळापाशी त्या थांबल्या, चपला काढल्या आणि मक्यात शिरल्या. दिसेनाशाच झाल्या. नुसती पानं सळसळत होती. धर्माचा चेहरा मला बघवेना.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात कणीस होतं. त्यांनी ते सोलून कच्चंच दाताखाली धरलं.

"तुजा बा दोर टाकून आला, तवा गाव म्हनला, आता खाशील काय?" कणीस त्यांनी गावाच्या दिशेने वर धरलं. "ह्ये, म्हनावं!"

मग धर्माकडे वळून म्हणाल्या, "पेर रे पुढल्या साली. खत वरच्याला घाल. ह्याला आमी लई घातलंय."

कुसुम रडत होती, आणि मीही.

कशेडी घाटात दरड कोसळली होती, म्हणून चिपळूणहून येणारी गाडी पोलादपूरला फार उशिरा आली. आईंनी दिलेली कणसं मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

घरी बाबांनी एक भाजून खाल्लं. "काय दाणा आहे! खत कुठलं घालतात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं कणीस उचललं आणि ते तसंच हातात धरून बसले. आमच्या गावाबाहेरही तसा एक माळ आहे. लहानपणी बाबा मला त्याला वळसा घालून नेत.