काट्याच्या साखळीवरचा हात

नथू गेल्याचा निरोप रनाळ्याहून आला तेव्हा मी नंदुरबारला, आमच्या सरकी काढायच्या जिनाच्या ओट्यावर चार लोकांत बसलो होतो. निरोप्या म्हणाला, "नथू गया, भाऊ." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो त्याच्या वजनाचा, "शेवटले कितला भरना व्हता?" सगळे हसले. मीही हसलो. त्याला आता दीड महिना झाला.

नथू माझा चुलतभाऊ आणि जिनातला तोलारी. मी तिथलाच कारकून. साऱ्या मुलखाचा कापूस बिनचूक तोलणारा हा माणूस स्वतः साडेतीन मणांचा. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की पहिल्यांदा तोलाऱ्यानं पारड्यात बसायचं, ही आमच्याकडची रीत. आकडा मी कोळशानं भिंतीवर लिहायचो आणि वर्षभर त्यावर चेष्टा चालायची. एका वर्षी नथूनं मनावर घेतलं. गूळ-तूप सोडलं, रनाळ्याहून रोज पायी येऊ लागला. पुढच्या दसऱ्याला अडीच मण भरला. लोकांनी त्याला उचलून घेतलं, तोंडात पेढे कोंबले... आमच्या लेखी विषय संपला.

त्याचा खरा त्रास तिथून सुरू झाला. भूक त्याची पाठ सोडेना. भर उन्हात त्याला थंडी वाजायची. ज्या भाकरीवर तो उतरला होता, त्याच भाकरीवर आता पुन्हा चढू लागला. "भाऊ, मी अर्धीच भाकर खास, तरी बी आंग भराई ऱ्हायनं," तो म्हणायचा. कोणाला ते खरं वाटेना. एकदा मी सगळ्यांसमोर त्याचं फडकं सोडलं. आत अर्धी भाकर आणि कांदा. "बाकीनं वाटवरच खाई टाकं व्हई," मी म्हणालो. तो मान खाली घालून जेवला.

गेल्या दसऱ्याला तो डोळे गच्च मिटून पारड्यात बसला. वाढला होता चारच शेर. मी मागे उभा होतो. गंमत म्हणून साखळी धरून पारडं खाली दाबलं. पंधरा शेर वाढ निघाली आणि हशा पिकला. खरं काय ते उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. पण चेष्टा इतकी रंगली की मी तो उद्या येऊच दिला नाही.

त्या दिवसापासून त्यानं अर्धी भाकरही सोडत आणली. श्रावणात भेटायला गेलो तर खाटेवर पडून होता, दंडांची कातडी लोंबत होती. "भाऊ, आते कितला भरसू?" त्यानं विचारलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं... मी म्हणालो, "दसराले दखसूत." मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

यंदा पूजा झाली. पारडं रिकामं होतं आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातला तो खोटा आकडा. नवा तोलारी बसायला धजेना, म्हणून मी बसलो आणि डोळे मिटले. मागून कोणीतरी साखळी दाबावी, असं फार वाटत होतं. कोणी हात लावला नाही. मी जेवढा आहे तेवढाच भरलो.