सेकंड गिअरचा श्वास

मी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होतो आणि तापट होतो. दोन्ही गोष्टी सगळ्या पोलादपूर तालुक्याला ठाऊक होत्या. महाडहून गाडी काढली की महाबळेश्वरच्या घाटात समोर येणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याचा उद्धार करतच मी वर पोचायचो. कंडक्टर म्हणायचा, तुमच्या गाडीला हॉर्न कशाला हवा?

मग डेपोत तपासणी झाली आणि प्रेशर निघालं. वरचा आकडा एकशे ऐंशी. दुसऱ्यांदा पट्टा बांधला तर आणखी वाढला, कारण मधल्या वेळात मी तपासणाऱ्यावर ओरडलो होतो. महिन्याने पुन्हा बघू, तेव्हाही उतरलेलं नसलं तर स्टिअरिंग सोडून डेपोत बसायचं, असं मला सांगण्यात आलं. डेपोत बसायचं म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघायच्या. वीस वर्षं घाट मारलेल्या माणसाने! रात्री जेवण गेलं नाही.

महाडातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि जोडीला श्वासाचा व्यायाम सांगितला. सकाळी शांत जागी ताठ बसायचं, डोळे मिटायचे, चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, सहा मोजत बाहेर सोडायचा. सोडताना घाई करायची नाही. मी म्हटलं, कळलं, उतारावर न्यूट्रल मारायचं नाही, सेकंड गिअरवर उतरायचं. डॉक्टर हसले. पण व्यायाम गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या बदली नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी दोनदा मान हलवली आणि घरी येऊन गोळ्या ट्रंकेत जुन्या खाकी कपड्यांखाली कोंबल्या. गोळी एकदा लागली की माणूस आजारी ठरतो, असं माझं मत. नुसता श्वास घेतला तर कुणाला कळतंय?

आमच्या वाडीत शांत जागा एकच, देवीचं देऊळ. तिथे रोज सकाळी बसू लागलो. श्वास सोडताना नाकातून सूंऽऽ आवाज यायचा आणि सवय नसल्यामुळे खांदे थरथरायचे. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी फुलं वाहायला आली, तिने मला बघितलं आणि फुलं तिथेच टाकून पळाली. आमच्याकडे देवीचं वारं कुणाच्याही अंगात येतं आणि ते आलं की माणूस असाच घुमतो. चौथ्या दिवशी माझे डोळे मिटलेले असताना कुणीतरी कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "आई, माझी म्हस कुठं गेली?"

मला ओरडायचं होतं. पण ओरडलं की आकडा चढतो हे मी बघितलेलं. म्हणून डोळे न उघडता हातानेच 'जा, जा' केलं. हात नदीकडे गेला आणि म्हैस नदीत डुंबताना सापडली. म्हैस नदीत नाही तर काय बाजारात सापडणार?

पण झालं! दुसऱ्या दिवशी दहा माणसं नारळ घेऊन हजर. मी डोळे उघडून शांतपणे सांगितलं, बाबांनो, हा डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आहे. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. वारं उतरलं की झाडाला, म्हणजे ज्याच्या अंगात येतं त्याला, काही आठवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय हा माणूस पंधरा मिनिटं गप्प बसला आणि कुणाला एक शिवी दिली नाही, म्हणजे हा तो नव्हेच, हा त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा. मी गोठ्यामागे जाऊन बसलो तर नारळ गोठ्यामागे आले. मग कुणीतरी ढोल आणला. मी सहा मोजत श्वास सोडायचो आणि ढोलवाला देवी लवकर यावी म्हणून लय वाढवायचा.

आठवड्याने डॉक्टरांनी मोजलं तर प्रेशर वाढलेलं. गोळी घेता ना, त्यांनी विचारलं. घेतो, मी म्हणालो. आता मात्र मला भीती वाटायला लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा देवळातच डोळे मिटून बसलेलो असताना ओळखीच्या बांगड्या वाजल्या. माझी बायको. समोर नारळ ठेवल्याचा आवाज आला.

"आई, आमचं ह्ये गोळ्या ट्रंकंत लपिवतात," ती म्हणाली. "माझा भाव ह्याच प्रेशरनं गेला. लावणी करताना चिखलात पडला तो उठलाच नाय. मी काय बोलाया गेले तर अंगावर येतात. तूच सांग त्यांना."

ढोल थांबला. भर वाडीत माझी अब्रू काढली म्हणून असा संताप आला की कानशिलं तापली. मी चार मोजत श्वास घेतला. तिचा आवाज कापत होता, ते तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. सहा मोजून झाले, तरी मी सोडतच होतो.

"गोळी रोज द्यायची," मी घुमत्या आवाजात म्हणालो. "न्याहारी झाल्यावर."

देवीचा हुकूम मोडायची आमच्यात कुणाची छाती नाही, माझी तर त्याहून नाही. सकाळी गाडीवर निघालो की बांधावरून कुणीतरी विचारायचंच, गोळी घेतली का? महिन्याच्या तपासणीत आकडा उतरला. स्टिअरिंग राहिलं, ते निवृत्तीपर्यंत. श्वास मी अजून मोजतो, घरातच, आणि देवी पुन्हा आली नाही म्हणून वाडी थोडी नाराज आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा बायकोला खरं सांगून टाकलं, त्या दिवशी वारं-बिरं काही नव्हतं, मीच बोललो होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, म्हायती हाय.

मग घरी का नाही बोललीस, मी विचारलं.

"घरात तुमी वरडता," ती म्हणाली. "देवी वरडत नाय."