डाव्या बाजूचा लाल दिवा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गाडीचे दिवे बघायचं. मी ड्रायव्हरच्या सीटवर, शालन, माझी बायको, गाडीच्या मागं. मी ब्रेक दाबायचा आणि तिनं तिकडून ओरडून सांगायचं, अशी आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी अक्काकडं निघायचं होतं. अक्का म्हणजे शालनची थोरली बहीण, शाहूवाडीकडच्या डोंगरात एकटीच राहते. तिची औषधं, चहापूड, साखर घेऊन आम्ही महिन्याला एक फेरी मारायचोच.

"डावा लागंना!" शालन मागनं ओरडली.

"नीट बघ की."

"डोळं फुटल्यात व्हय माझं? उजवा लागतोय, डावा न्हाय. पाय दाबताय का नुसता ठेवलाय?"

मी उतरलो, डाव्या दिव्याची लाल काच सोडवली. दोन स्क्रू निघाले. माझ्या हातातनं स्क्रू हरवतात हे तिला पक्कं ठाऊक, म्हणून तिनं ते मुठीत धरून घरात नेले, स्टीलच्या वाटीत टाकले आणि वाटी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. "बल्ब दुपारी बघा. आधी च्या घ्या," म्हणाली. च्या घेतला... दुपारी भांडी घासता घासता ती भिंतीला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

गाडी आमची जुनी, दुसऱ्यानं वापरून सोडलेली. शिरोलीत लोखंड ओतायच्या फौंड्रीत माझा जन्म गेला, तिथनं सुटल्यावर घेतली. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून लांबचा रस्ता लख्ख दिसतो, पण स्टेअरिंगच्या मागचे बारके दिवे दिसत नाहीत. वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा डॉक्टरांनी सांगितलेला, पण मी काय घेतला नाही. शेजारी शालन होती की! किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. ती मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "सगळी आली, सगळी गेली, चला." एखादा लागून राहिला की त्याचं नाव सांगायची. तेलाचा दिवा म्हणजे झारी, बॅटरीचा म्हणजे डबा, इंजिनचा पिवळा म्हणजे कासव. पिवळा असला तर हळू चालवत गॅरेजला न्यायची. लाल असला तर तिथंच कडेला थांबायचं. तिथं माझं काही चालायचं नाही.

एकदा अक्काकडं जाताना चढावर गाडी तापली. शालन म्हणाली, "लाल लागला, घ्या कडंला." मी बॉनेट उघडलं, फडकं घेतलं आणि पाण्याच्या झाकणाला हात घालणार, तोवर ही मधे उभी. "तोंड भाजून घ्यायचंय? आधी भाकरी खावा."

"अगं, आत्ता कुठं भाकरी? भूक न्हाय मला."

"तुम्हाला नसंल. इंजिन गार व्हायला येळ लागतोय, तेवढा येळ काय करणार? झाकणाकडंच बघत बसणार?"

रस्त्याच्या कडेला बसून भाकरी, झुणका, कांदा, सगळं सावकाश खाल्लं. मग तिनं बॉनेटवर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "आता उघडा." झाकण गुमान निघालं. खालच्या रबरी पाइपाची क्लिप ढिली झालेली, तिथनं पाणी गळत होतं. स्क्रूड्रायव्हरनं आवळली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि गेलो. त्या दिवसापासून गाडीत पाण्याची बाटली आणि भाकरी कायमची.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा संदीप पुण्याला परत जायला निघाला. गाडीकडं बघून म्हणाला, "आप्पा, विकून टाकू. तुम्हाला आता दिवे कोण सांगणार?"

"अक्काकडं कोण जाणार मग?"

"औषधं कुरिअरनं पाठवू."

"आणि गप्पा कशानं पाठवतोस?"

पोरगं वाईट नाही, काळजीनंच बोलत होतं. पण संध्याकाळी अक्काचा फोन आला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "शालन गेली, आता इकडं कोण येतंय..." फोन ठेवला तेव्हाच मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन तो दोन नंबरांचा चष्मा करायला टाकला. तो हातात आल्यावर आठवडाभर आमच्या गल्लीत गाडी फिरवून डोळ्यांना सवय लावली. मग अक्काला कळवलं, "उद्या येतूय."

सकाळी उठलो, गाडी मागं घेऊन शेडच्या पांढऱ्या भिंतीला लावली. ब्रेक दाबून आरशात बघितलं. उजवीकडं भिंतीवर लाल उजेड, डावीकडं अंधार. नवा बल्ब आणायच्या आधी उजवीकडचा चांगला बल्ब काढून डावीकडं बसवला. तरी अंधारच. म्हणजे बल्बचा दोष नव्हता, तो बसतो त्या जागेचा होता. आत हिरवट गंज धरलेला. पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला. दोन्ही बल्ब जागच्या जागी लावले आणि फळीवरची वाटी आणायला आत गेलो. इतके दिवस त्या वाटीला हात लावला नव्हता. स्क्रू होते तसेच होते.

काच बसवली, स्क्रू आवळले, परत ब्रेक दाबला. भिंतीवर दोन लाल ठिपके. हे काम भिंतीच्या जिवावर एकट्याला जमतं हे मला फौंड्रीत असल्यापासून ठाऊक होतं. पण भिंत ओरडत नाही, म्हणून शालनला कधी सांगितलं नव्हतं.

पाय ब्रेकवरच ठेवून खिडकीची काच खाली केली आणि मीच ओरडलो, "लागले दोन्ही!"

किल्ली फिरवली. चष्म्याच्या खालच्या भागातनं बघितलं. सगळी आली, सगळी गेली. डाव्या सीटवर अक्काची पिशवी, पाण्याची बाटली आणि माझ्या हातच्या जाडजूड भाकरी ठेवल्या होत्या. वाटी फळीवर परत ठेवली नाही, गाडीच्या समोरच्या खणात टाकली. इथनं पुढं स्क्रू मलाच सांभाळायचे आहेत.