ताट धुऊन प्यायलेलं पाणी

मंदिरात मी कुठेच चुकले नाही. चामड्याची पर्स गाडीत ठेवली, पाय धुतले, गप्प बसले. सुरगाण्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात जैनांचं एकच घर उरलंय, त्यामुळे गार फरशीवर आम्ही दोघीच होतो. मी आणि काकू. काकू म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं त्याची आई. "आमच्या पद्धती बघ, मग हो म्हण," असं त्यांनीच सांगितलं होतं. मी मनात हो म्हणूनच आले होते.

दर्शनानंतर शेजारच्या खोलीत जेवण होतं. मुगाची डाळ, फुलके, भात, कढी. जेवून झाल्यावर काकूंनी स्वतःच्या ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट चोळून धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

"कण राहिला की त्यात जीव पडतात, बेटा. मग ते मरतात. चल, तू पण."

मी पाणी ओतलं. पिवळट पाण्यावर तेलाचे थेंब, दोन शितं, मुगाचं एक साल. सगळं माझंच उष्टं, तरी ताट तोंडाजवळ नेताच गार कढीचा वास आला आणि मी ते खाली ठेवलं. वाढणारी बाई हसली. "डोळं मिटून पी गं! लय जणी असंच तोंड करत्यात."

"काकू, मला नाही जमणार."

त्या चिडल्या नाहीत. माझं ताट उचललं आणि गटागटा प्यायल्या. मी बोटं चाटून जेवले होते. ते साल त्यांच्या वरच्या ओठाला चिकटलं, जिभेने त्यांनी तेही आत घेतलं.

मला भरून यायला हवं होतं. प्रत्यक्षात आधीपेक्षा जास्त किळस आली. मी मागितलं नव्हतं. माझी लाळ आता त्यांच्या पोटात होती, आणि असं करणाऱ्या बाईला पुढे कशालाही नाही कसं म्हणायचं?

"आपल्या घरी तुझं रोज मी पिईन," त्या पदराने तोंड पुसत हसल्या. "त्यात काय एवढं! मग तर जमेल ना?"

"नाही, काकू," मी म्हणाले. "ते मला रोज बघवणार नाही."

त्यांनी दोन्ही ताटं एकात एक ठेवली.

"त्याला तू सांगतेस, की मी सांगू?"

"मी सांगते."