आजोबांचा रंगवलेला कोट

आमच्या घरात एकच फोटो होता, आजोबांचा. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या फोटोवाल्यानं एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा तेवढा उचलून मोठा केला होता आणि मानेखाली काळा कोट रंगवला होता. आजोबा शिंपी. जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवले. स्वतःला मिळाला तो मेल्यावर, तोही ब्रशनं.

के. आर. पुरमला आमची एक खोली. त्यात शिलाई मशीन, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत आम्ही. रेडिमेड गणवेश आले तसे गठ्ठेही गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या झिपा बदलत बसले. आई काजं करायची. त्या खोलीतून मी बी.कॉम. झाले. माझ्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं असेल, तर ते शिवलेले कपडे पोचवायला.

नोकरी लागल्यावर जुना कॅमेरा घेतला. क्लास परवडत नव्हता, म्हणून फोटोंची प्रदर्शनं बघू लागले. तिथं तिकीट नसतं. एका फोटोपुढे उभं राहायचं, उजेड कुठून आलाय ते शोधायचं, घरी येऊन खिडकीपाशी तसंच करून बघायचं. शिकले ती अशीच. पण इतरही काही दिसायचं. फोटोंत फुलवाली, न्हावी, हमाल. खाली इंग्रजीत, हरवत चाललेलं शहर. फोटो काढणाऱ्याचं नाव ठळक, फोटोतल्या माणसाचं कुठेच नाही. आणि हरवला कोण होता? हमाल तर बाहेर रस्त्यावर गाडी ओढत होता.

मला अण्णांचा फोटो काढून असाच भिंतीवर लावायचा होता. ते ऐकत नव्हते. "भिंतीवर मेलेली माणसं जातात," एवढंच उत्तर. प्रत्यक्ष बघितलं तर पटेल म्हणून एका रविवारी त्यांना प्रदर्शनाला घेऊन गेले.

दाराशी त्यांनी चपला काढल्या. रखवालदारानं परत घालायला लावल्या. आत एका हसऱ्या म्हातारीच्या फोटोपुढे ते हात जोडून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ही कधी गेली?"

मागं दोन पोरी हसल्या. "सो स्वीट," एक म्हणाली.

मी वळले. "तुमच्या घरात भिंतीवर कोण आहे? त्यांच्यापुढे जाऊन हसा."

अण्णांनी माझा दंड धरला. "स्वल्प, जरा हळू. बाई जिवंत आहे का, तेवढं सांग."

"असेल बहुतेक."

"बहुतेक? म्हणजे काढणारा परत बघायला गेलाच नाही?"



परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा धरली. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांचा कोट मीच सांगितला. त्या लग्नात त्यांच्या सदऱ्याची कॉलर फाटलेली होती. शिंप्याची फाटकी कॉलर भिंतीवर कशी लावायची?"

"म्हणूनच तुमचा फोटो आत्ता काढायचा, अण्णा. तुम्ही स्वतः शिवलेल्या सदऱ्यात. मागाहून कुणी ब्रश घेऊन यायला नको."

 के. आर. पुरमला उतरताना ते म्हणाले, "सरी, काढ फोटो. पण कापड मी निवडणार."

त्यांनी स्वतःसाठी शिवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. पांढरा सदरा, कडक कॉलर. तो घालून मशीनपाशी बसले आणि पासपोर्टच्या फोटोसारखे बघत राहिले. हसा म्हटलं तर म्हणाले, "हसायला काय झालंय?"

जयनगरच्या एका हॉलमध्ये नवशिक्यांचं प्रदर्शन होतं. तिथं तो फोटो निवडला गेला. आयोजक गृहस्थ मला समजावत म्हणाले, "खाली नाव नको. 'अनामिक शिंपी' लिहू. नाव आलं की फोटो छोटा होतो."

"मग तुमच्या पाटीवरची सगळीच नावं काढा. माझंही."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण नाव लिहिलं.

आई आली नाही. जिवंत नवऱ्याला भिंतीवर बघवणार नाही म्हणाली. अण्णा आले. दाराशी चपलांकडे त्यांचा हात गेला आणि थांबला. स्वतःच्या फोटोपुढे उभे राहून त्यांनी आधी कॉलर बघितली, मग खालचं नाव. लोक येत होते, फोटो बघत होते, पुढे जात होते. शेजारी तोच सदरा घातलेला माणूस उभा आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

माझा फोटो प्रदर्शनात लागला. त्याखाली माझ्या वडिलांचं नाव होतं, आणि ते वाचायला ते स्वतः हजर होते.